वनस्पती आणि प्राणी ऊती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववीचे विद्यार्थी, अकरावीला शास्त्र घेतलेली मुलं, त्यांचे पालक आणि मधूनच एखादा कलमं बांधणारा बागायतदार यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडणारे नंतर. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ऊती म्हणजे नेमकं काय? शेजारी शेजारी असलेल्या पेशी म्हणजे ऊती का?

नुसता शेजार पुरत नाही. एकाच मुळापासून तयार झालेल्या आणि मिळून एक ठरावीक काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. ‘एकसारख्या पेशींचा समूह’ ही पाठ केलेली व्याख्या लगेच अडखळते. रक्तात लाल कणिका, पांढऱ्या कणिका आणि रक्तपट्टिका असतात, झाडात पाणी वर नेणाऱ्या जलवाहिनीत चार प्रकारचे घटक असतात, तरी दोन्ही ऊतीच. म्हणून व्याख्येत ‘काम’ हा शब्द आलाच पाहिजे.

शब्द छान आहे. ‘ऊती’च्या मुळाशी विणण्याचा अर्थ आहे. ‘ओतप्रोत’मधले ओत आणि प्रोत म्हणजे उभे-आडवे धागे, तेही त्याच घरातले. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ झाव्हिए बिशा याने १८०१ साली मानवी शरीरातल्या २१ ऊती वेगळ्या काढून मांडल्या, आणि त्या सूक्ष्मदर्शक न वापरता. अवयव कापून, उकळून, वाळवून, आम्लात ठेवून कोणता थर कसा वागतो यावरून त्याने ते ठरवलं.

२. त्वचा ही ऊती आहे की अवयव? आणि पान?

दोन्ही अवयव. एकाहून अधिक प्रकारच्या ऊती एकत्र येऊन काम करत असतील तर तो अवयव. त्वचेत वर अभिस्तर (अस्तरासारखी पसरलेली ऊती), खाली संयोजी (जोडणारी, आधार देणारी) ऊती, केसाच्या मुळाशी अंगावर काटा आणणारा इवलासा स्नायू आणि जोडीला चेतातंतू, असे प्राणी ऊतींचे चारही प्रकार (अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता) सापडतात. पानात अपित्वचा (बाहेरचा पापुद्रा), हिरवी मूल ऊती (प्रश्न ७) आणि शिरांमधल्या पाणी नेणाऱ्या जलवाहिनी व अन्न नेणाऱ्या रसवाहिनी असतात. रक्त ही ऊती, पण रक्तवाहिनी हा अवयव. हा फरक एका गुणाच्या प्रश्नात हमखास विचारतात आणि हमखास चुकतो.

३. अमिबा, स्पंज, बुरशी यांना ऊती असतात का?

अमिबा एकपेशीय, तिथे प्रश्नच नाही. स्पंज बहुपेशीय आहे आणि त्याच्या पेशींत कामाची वाटणीही आहे, पण त्या खऱ्या अर्थाने बांधलेल्या नसतात, म्हणून खऱ्या ऊती नाहीत. हायड्रा आणि जेलीफिशपासून ऊती दिसू लागतात. बुरशीची छत्री भरीव दिसली तरी ती एकमेकांत गुंतलेल्या धाग्यांची असते, तिलाही खरी ऊती म्हणत नाहीत.

४. शाळेच्या पुस्तकात ‘मूल ऊती’, आजोबांच्या पुस्तकात ‘मृदूतक’. दोन्ही वेगळं आहे का?

एकच. जुन्या ग्रंथांत आणि विश्वकोशात ऊतीला ‘ऊतक’ आणि पेशीला ‘कोशिका’ म्हटलं आहे. त्यामुळे मूल ऊती म्हणजे मृदूतक, स्थूलकोन ऊती म्हणजे स्थूलकोनोतक, दृढ ऊती म्हणजे दृढोतक, जलवाहिनी म्हणजे प्रकाष्ठ आणि रसवाहिनी म्हणजे परिकाष्ठ. विभाजी (सतत विभागणाऱ्या पेशींची) ऊती तिथे ‘विभज्या’ म्हणून भेटते आणि खोड जाड करणारा कँबियम ‘ऊतककर’ म्हणून (प्रश्न ६). परीक्षेत आपल्या पुस्तकातला शब्द लिहावा. एकाच उत्तरात दोन्ही मिसळू नयेत, तपासणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

५. वनस्पती आणि प्राणी यांच्या ऊतींत मूळ फरक कोणता?

झाड एका जागी उभं राहतं आणि प्राणी हिंडतो, बाकीचे फरक त्यातून निघतात. उभं राहायला भक्कम सांगाडा लागतो आणि त्याला मृत पेशीही चालतात. म्हणून झाडाच्या आधार देणाऱ्या ऊतींत मृत पेशी भरपूर. प्राण्याला हालचालीसाठी जास्त ऊर्जा लागते, त्याच्या बहुतेक ऊती जिवंत. झाड ठरावीक जागांवर जन्मभर वाढत राहतं (प्रश्न ६). प्राण्याच्या अंगात अशा राखीव जागा नसतात, तो साधारण सगळीकडून सारखा वाढतो आणि थांबतो.

६. विभाजी ऊतींचे तीन प्रकार पाठ होतात, पण झाडावर दाखवता येत नाहीत. कुठे बघायच्या?

प्ररोह विभाजी ऊती मुळाच्या आणि फांदीच्या अगदी टोकाला असते. तिच्यामुळे उंची आणि लांबी वाढते. शेंडा खुडला की ती जाते, बाजूचे डोळे फुटतात आणि तुळस डेरेदार होते.

पार्श्व विभाजी ऊती, म्हणजे मुख्यतः कँबियम, सालीच्या आत नळीसारखी पसरलेली असते. तिच्यामुळे खोड जाड होतं. झाडाच्या बुंध्यात छातीच्या उंचीवर खिळा ठोकला तर वीस वर्षांनीही तो छातीच्याच उंचीवर राहतो. उंची शेंड्याशी वाढते, बुंध्याशी नाही. खिळा मात्र हळूहळू लाकडात गडप होतो, तेच कँबियमचं काम.

आंतरीय विभाजी ऊती पेराच्या किंवा पानाच्या बुडाशी असते. दूर्वा खुडल्या, लॉन कापलं, गाईने गवत चरलं तरी ते पुन्हा वाढतं, कारण वाढणारा भाग खाली सुरक्षित असतो. उसाचं आणि बांबूचं प्रत्येक पेर असंच लांबतं.

तिन्ही ठिकाणच्या पेशी सारख्याच ओळखाव्यात: पातळ भित्तिका, दाट पेशीद्रव, ठळक केंद्रक, मधे मोकळी जागा नाही, मोठी रिक्तिका (पेशीतली साठवणीची पिशवी) बहुधा नाही. विभाजन सतत चालू असलेल्या पेशीला साठवण परवडत नाही.

७. मूल ऊती, स्थूलकोन ऊती आणि दृढ ऊती सूक्ष्मदर्शकाखाली कशा ओळखायच्या?

फक्त भित्तिका बघा. ती सगळीकडे सारखी पातळ असेल आणि पेशींच्या मधे मोकळ्या जागा असतील, तर मूल ऊती. कोपऱ्यांत जाड आणि बाकी पातळ असेल, तर स्थूलकोन. सगळीकडून इतकी जाड की आत जेमतेम एक भोक उरलंय, तर दृढ.

मूल ऊतीसाठी बटाटा घ्या. पातळ काप काढून आयोडीनचा एक थेंब टाकला की पिठूळ कण निळे-काळे होतात, ही साठवण. याच ऊतीत हरितद्रव्य असलं तर ती हरित ऊती होते, मोठ्या हवेच्या पोकळ्या असल्या तर वायू ऊती. जलपर्णीचा फुगीर देठ उभा चिरून दाबला तर स्पंजासारखा बसतो, कमळकाकडीच्या चकतीत नळ्या आरपार दिसतात. चिखलात हवा पोचवायची ती सोय.

स्थूलकोन ऊतीसाठी तुळशीचं कोवळं खोड घ्यावं. ते चौकोनी असतं आणि चारही कोपऱ्यांत ही ऊती भरलेली असते. ती जिवंत असते, तिच्या भित्तिकेत पेक्टिन आणि सेल्युलोज असतं पण लिग्निन (लाकूड कडक करणारं द्रव्य) नसतं, त्यामुळे खोड वाकतं, मोडत नाही. मक्यात ही शोधत बसू नका, एकदलिकित वनस्पतींत ती बहुधा नसते.

दृढ ऊती तर रोज स्वयंपाकघरात भेटते. पेरू किंवा चिकू खाताना दाताखाली जे रवाळ लागतं त्या दगडी पेशी. शेवग्याच्या शेंगेचा न चावता येणारा चोथा आणि घेवडा निवडताना कडेचा ओढून काढतो तो दोर, हे दृढ ऊतीचे तंतू. भाजीवाल्याकडे भेंडीचं टोक मोडून पाहतात, तीही ऊतीचीच परीक्षा आहे. कोवळ्या भेंडीत तंतूंच्या भित्तिकेवर लिग्निन चढलेलं नसतं, ती ‘टक्’ आवाज करून मोडते. जून झालेली नुसती वाकते आणि धागे धरून राहते.

८. मग कापूसही दृढ ऊतीचा तंतू का?

नाही, आणि हा प्रश्न मुद्दाम फसवायला विचारतात. ताग आणि अंबाडीचे धागे रसवाहिनीच्या भागातले दृढ तंतू आहेत, घायपाताचे पानातले, काथ्या नारळाच्या फळाच्या मधल्या आवरणातला. कापसाचा धागा मात्र सरकीच्या अपित्वचेतल्या एकेका पेशीचा लांबलेला केस आहे. एक धागा म्हणजे एक पेशी, साधारण अडीच-तीन सेंटिमीटर लांब, जवळजवळ शुद्ध सेल्युलोजची. लिग्निन नसल्यासारखंच, म्हणून तो मऊ. पोतं खरखरीत आणि सदरा मऊ, याचं अर्धंअधिक उत्तर यातच आहे.

९. ‘जलवाहिनी मृत, रसवाहिनी जिवंत’ हे वाक्य पूर्ण खरं आहे का?

अर्धवट खरं आहे. जलवाहिनीतल्या वाहिनिका, वाहिन्या आणि तंतू मृत असतात, पण जलवाहिनी मूल ऊती जिवंत असते. रसवाहिनीतल्या चाळणी नलिका, सहपेशी आणि मूल ऊती जिवंत, पण रसवाहिनी तंतू मृत.

चाळणी नलिकेचं प्रकरण आणखी विचित्र. ती जिवंत असते, पण पक्व झाल्यावर तिच्यात केंद्रक उरत नाही. तिचा कारभार शेजारची सहपेशी चालवते. अन्नरसाला वाट मोकळी हवी म्हणून हा त्याग (असाच प्रकार रक्तात, प्रश्न १७).

दिशेबद्दलही लक्षात ठेवा. पाणी खालून वर जातं. अन्न दोन्हीकडे जातं: पानाकडून मुळाकडे, फळाकडे, आणि नवी पालवी फुटताना साठ्याकडून वर. ‘रसवाहिनी अन्न खाली नेते’ असं लिहिलं तर उत्तर अपुरं धरतात. पाइन, सायकससारख्या अनावृत्तबीजींत (ज्यांच्या बिया फळात झाकलेल्या नसतात) साधारणपणे वाहिन्या नसतात, फक्त वाहिनिका असतात. त्यालाही नीटम हा अपवाद आहे.

१०. तेरड्याचा लाल शाईचा प्रयोग केला, रंग चढलाच नाही. काय चुकलं?

तेरडा यासाठी उत्तमच, खोड इतकं पारदर्शक की सोलावंही लागत नाही. कृती अशी: ताजी फांदी बादलीत पाण्याखाली धरून तिरकी कापा. १०० मिली पाण्यात लाल शाईचे किंवा खाण्याच्या लाल रंगाचे आठ-दहा थेंब टाका, फांदी त्यात उभी करा आणि उजेडात, वारा लागेल अशा जागी एक-दोन तास ठेवा. मग खोड आडवं कापून चकती भिंगातून बघा. लाल ठिपके गोलाकार मांडलेले दिसतील, त्या जलवाहिन्या.

रंग न चढण्याची कारणं बहुधा तीन. फांदी हवेत कापली की वाहिन्यांत हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाण्याची साखळी तुटते. रात्री बंद खोलीत ठेवली तर पर्णरंध्रं मिटलेली असतात, बाष्पोच्छ्वास नाही, मग पाणी ओढणार कोण? आणि रंग विरघळणारा हवा. पोस्टर कलरचे कण वाहिन्या तुंबवतात. हळदही चालत नाही, तिचा रंग पाण्यात धड विरघळत नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, इथे तीन तास पुरे.

११. झाडाची साल गोलाकार काढली तर झाड मरतं. मग गुटी कलमात साल काढूनही फांदी कशी जगते?

साल काढताना रसवाहिनीही निघून येते, कारण ती कँबियमच्या बाहेरच्या बाजूला असते. जलवाहिनी, म्हणजे लाकूड, आत शाबूत राहतं. पाणी वर जात राहतं, म्हणून झाड लगेच सुकत नाही. पानांतलं अन्न मात्र मुळांपर्यंत पोचत नाही. मुळं साठ्यावर काही काळ काढतात, मग उपाशी मरतात आणि त्यांच्या मागून झाड. कधी काही आठवडे लागतात, कधी वर्षं.

गुटीत हेच एका फांदीपुरतं मुद्दाम करतात. डाळिंबाची पेन्सिलीएवढी जाड, सुमारे वर्षाची फांदी घेऊन अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची सालीची चकती काढायची. वरून येणारं अन्न आणि संप्रेरकं कापाच्या वरच्या काठाशी अडतात, तिथे ओलं शेवाळ (स्फॅग्नम मॉस) बांधून प्लास्टिकने हवाबंद केलं की महिना-दीड महिन्यात मुळं फुटतात. फांदीला पाणी आतल्या लाकडातून मिळतच असतं. बाकी झाडाच्या मुळांना इतर फांद्या पोसतात.

गुटी फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे साल काढल्यावर उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर तसाच ठेवणं. तो कँबियम. तो राहिला तर नवी साल तयार करून दोन्ही काठ जोडून टाकतो, अन्न खाली वाहू लागतं आणि मुळं फुटतच नाहीत. चाकूच्या पाठीने किंवा कोरड्या फडक्याने तो खरवडून, लाकूड कोरडं खरखरीत लागेपर्यंत पुसावा.

उलट बाजूचा प्रश्नही येतो: खोड आतून पूर्ण पोकळ झालेली चिंच हिरवीगार कशी? खोडाचा गाभा जुन्या, बंद पडलेल्या जलवाहिन्यांचा असतो. पाणी वाहतं ते बाहेरच्या ताज्या लाकडातून. गाभा कुजला तर झाड वाऱ्याला कमजोर होतं, पण तहानेने मरत नाही.

१२. आंब्याचं कलम होतं, नारळाचं का होत नाही?

कलम म्हणजे दोन झाडांच्या कँबियमची सोयरीक. आंब्याच्या कोय कलमात कोवळ्या रोपाचा शेंडा कापून चार-पाच सेंटिमीटरची उभी चीर देतात आणि तेवढीच पाचर केलेली डोळकाडी (हव्या त्या आंब्याची काडी) तीत बसवतात. दोन्हींचा कँबियम एकमेकांना टेकला की तो नव्या पेशी तयार करून जलवाहिनी-रसवाहिनी सलग जोडतो. काडी रोपापेक्षा बारीक असेल तर ती मध्यभागी न बसवता एका बाजूची साल सालीला जुळवावी. मधोमध बसवलेली काडी दिसायला नेटकी असते, पण कँबियम कुठेच टेकत नाही आणि काडी आठ-दहा दिवसांत काळी पडते.

नारळ एकदलिकित. त्याच्या खोडात वाहक पुंज विखुरलेले असतात आणि सलग कँबियम नसतो. जोडायला काही नाही, म्हणून कलम नाही. याच कारणाने माड वर्षानुवर्षं जाड होत नाही आणि बांबूचा कोंब जमिनीतून येतो तेव्हाच त्याची पुढची जाडी ठरलेली असते. अपवाद ड्रसीनासारख्या काही एकदलिकितांचा. त्यांची खोडं वेगळ्या प्रकारच्या पार्श्व विभाजी ऊतीमुळे जाड होतात.

१३. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड धूसर दिसते किंवा नुसती काळी वर्तुळं दिसतात. का?

काळ्या जाड कडेची नितळ वर्तुळं म्हणजे हवेचे बुडबुडे, पेशी नव्हेत. दर वर्षी कोणीतरी त्यांचीच आकृती काढतो.

कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा घ्या. पाकळी मोडली की तो आपसूक सुटतो. बाहेरचं वाळकं टरफल नको. नखाएवढा तुकडा पाण्यात पसरा, सॅफ्रानिनचा एक थेंब घालून मिनिटभर थांबा, धुवा, काचपट्टीवर सुरकुती न पडता ठेवा, ग्लिसरीनचा थेंब टाका. आच्छादन काच एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडा. वरून आपटली की बुडबुडे आलेच. जास्तीचं द्रव टिपकागदाने टिपा. आधी दहा पट वस्तुभिंगाखाली बघा.

धूसर दिसत असेल तर पापुद्रा दुहेरी झालाय किंवा रंग धुतलेला नाही. या पेशींत हरितलवक आणि पर्णरंध्रं शोधू नका, कांदा जमिनीखाली असतो. पर्णरंध्रांसाठी रिओच्या जांभळ्या पानाची खालची बाजू सोलावी. जांभळ्या पेशींमधे हिरव्या रक्षक पेशींच्या जोड्या उठून दिसतात.

१४. गालाच्या आतल्या पेशी कोणत्या ऊतीच्या? त्या काढताना रक्त का येत नाही?

त्या स्तरित पट्टकी (चपट्या पेशींच्या थरांवर थर असलेल्या) अभिस्तराच्या वरच्या थरातल्या. चूळ भरून, स्वच्छ टूथपिकच्या बोथट टोकाने हलकेच खरवडा, काचेवरच्या पाण्याच्या थेंबात मिसळा, मेथिलीन ब्लूचा एक थेंब, मिनिटभराने काच. पेशी चपट्या, वेड्यावाकड्या कडेच्या दिसतात आणि मधे निळा ठिपका दिसतो, ते केंद्रक. सगळ्या एकावर एक पडल्या असतील तर खरवड जास्त घेतली आहे.

अभिस्तरात रक्तवाहिन्या नसतात. त्याला अन्न खालच्या संयोजी ऊतीतून झिरपून मिळतं. म्हणून वरवर खरचटलं तर रक्त येत नाही. पण झोंबतं, कारण चेतातंतूंची टोकं अभिस्तरात शिरलेली असतात.

१५. अभिस्तराचे प्रकार आणि जागा यांची गल्लत होते. काही युक्ती?

काम काय ते विचारा, आकार आपोआप सापडतो. वायू किंवा द्रव पटकन आरपार जायला हवं तिथे एकच चपटा थर: फुप्फुसातले वायुकोश, रक्तकेशिका. घासून झिजणाऱ्या जागी थरांवर थर: त्वचा, तोंड, अन्ननलिका. शोषून घ्यायचंय तिथे उंच स्तंभीय पेशी: लहान आतडं. वृक्कनलिकेत घनाकृती. धूळ आणि कफ बाहेर ढकलायचा तिथे केसाळ, रोमक: श्वासनलिका. झीज भरून काढण्यात अभिस्तराचा हात कोणी धरत नाही. लहान आतड्याचं अस्तर साधारण तीन ते पाच दिवसांत नवं होतं.

१६. रक्त द्रव आहे, मग ती ऊती कशी? आणि ‘संयोजी’ का?

संयोजी ऊतीची खूण अशी की पेशी विरळ आणि त्यांच्या मधे आधारक (पेशींमधली जागा भरणारा पदार्थ) भरपूर. आधारक कसा आहे यावर ऊतीचं रूप ठरतं. हाडात तो कडक, कास्थीत लवचीक, रक्तात द्रव. रक्तात सुमारे ५५ टक्के रक्तद्रव आणि ४५ टक्के कणिका. रक्तद्रवाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग पाणी. आणि ही ऊती अवयवांना जोडते ती वाहतुकीने: ऑक्सिजन, अन्न, संप्रेरकं, उष्णता.

१७. लाल रक्तकणिकेत केंद्रक नाही, तरी तिला पेशी म्हणायचं?

हो. ती अस्थिमज्जेत तयार होते तेव्हा केंद्रक असतं, पक्व होताना बाहेर टाकलं जातं. जागा हिमोग्लोबिनला मिळते. किंमत अशी की ती दुरुस्त होऊ शकत नाही, विभागू शकत नाही आणि सुमारे १२० दिवसांत मोडीत निघते. हे सस्तन प्राण्यांपुरतं. कोंबडी आणि बेडकाच्या लाल कणिकेत केंद्रक असतं. उंटाची कणिका लंबगोल असली तरी तीही बिनकेंद्रकाचीच.

१८. हाड आणि कास्थी यांतला फरक घरी दाखवता येईल का?

येतो, खर्च व्हिनेगरच्या बाटलीचा. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून बुडेल इतक्या व्हिनेगरमध्ये ठेवा, दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. चार-पाच दिवसांत ते रबरासारखं वाकतं. आम्लाने कॅल्शियमचे क्षार विरघळले आणि कोलॅजेनचे तंतू उरले. दुसरं हाड चांगलं भाजलं तर आकार तसाच राहतो पण दाबल्यावर भुगा होतो: तंतू जळले, क्षार उरले. कडकपणा क्षारांचा, चिवटपणा तंतूंचा. कॅल्शियममुळे हाड ‘मजबूत’ होतं, हे म्हणूनच अर्धं उत्तर. दोन्ही प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखाली करावेत.

कास्थी (कूर्चा) याच हाडाच्या टोकाला पांढरी, चकचकीत, कुरकुरीत दिसते. ती आपल्या नाकाच्या शेंड्यात, कानाच्या पाळीवरच्या भागात, श्वासनलिकेच्या कड्यांत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून मोडलेलं हाड सहा-आठ आठवड्यांत बरंच सांधतं, पण गुडघ्यातली झिजलेली कास्थी भरून येत नाही.

१९. पाय मुरगळला म्हणजे नेमकं काय दुखावलं: स्नायू, कंडरा की अस्थिबंध?

मुरगळण्यात अस्थिबंध ताणतो किंवा फाटतो. तो हाडाला हाड बांधतो आणि थोडासा लवचीक असतो. कंडरा स्नायूला हाडाशी बांधते, ती चिवट आणि फारशी न ताणणारी. टाचेच्या मागे चिमटीत धरता येते ती जाड दोरी म्हणजे कंडरा. काही पुस्तकांत कंडरेला स्नायुरज्जू किंवा स्नायुबंध म्हटलं आहे, त्यामुळे गोंधळ वाढतो. ‘अस्थि’ने सुरू होणारा शब्द हाड-हाड, ‘स्नायु’ने सुरू होणारा स्नायू-हाड, एवढं धरून ठेवावं.

२०. पट्टे असलेला स्नायू ऐच्छिक, बिनपट्ट्यांचा अनैच्छिक. हा नियम कुठे मोडतो?

पहिला अपवाद हृदय. पट्टे आहेत, पण आपल्या हुकमात नाही. त्याच्या पेशींना फांद्या असतात आणि त्या एकमेकींना जोडपट्ट्यांनी जोडलेल्या असतात, म्हणून एकीकडे उठलेला ठोका सगळीकडे पसरतो. दुसरा श्वासपटल. पट्टे असलेला स्नायूच, श्वास रोखून धरता येतो म्हणजे हुकमातलाही, पण झोपेत तो आपोआप चालतो, कारण लय मेंदूच्या तळाकडून येते. तिसरा अन्ननलिका. तिच्या वरच्या भागात पट्टे असलेला स्नायू असतो, पण घास एकदा घशाखाली गेला की थांबवता येत नाही.

म्हणून स्लाइड ओळखताना ‘ऐच्छिक’ या शब्दापासून सुरुवात करू नका. लांब दंडगोल आणि कडेला पुष्कळ केंद्रकं, तर कंकाल स्नायू. दोन्ही टोकांना निमुळती, एकच केंद्रक, पट्टे नाहीत, तर मृदू स्नायू. पट्टे आणि फांद्या दोन्ही, तर हृदयाचा.

२१. चेता आणि चेतापेशी एकच का?

नाही. चेतापेशी ही एक पेशी: पेशीकाय (केंद्रक असलेला मुख्य भाग), वृक्षिका (आखूड फांद्या) आणि एक अक्षतंतू (लांब धागा). चेता म्हणजे अशा असंख्य अक्षतंतूंची, संयोजी ऊतीच्या वेष्टनात बांधलेली जुडी, बरीचशी विजेच्या केबलसारखी. पाठीच्या कण्यापासून पावलापर्यंत जाणारा एकेक अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असतो, तरी ती पेशी एकच.

२२. टिश्यू कल्चरची केळी आईसारखीच का निघतात? आणि मधेच एखादं रोप वेगळं का?

टिश्यू कल्चर म्हणजे ऊतीच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणं. तलवारीसारख्या पानांचा निरोगी मुनवा (केळीच्या बुडाशी फुटणारं पिल्लू) घेऊन त्याच्या कंदातला शेंड्याचा विभाजी भाग काढतात. या पेशी शरीराच्या, बीजाच्या नव्हेत, म्हणून गुणसूत्रं तीच आणि रोपही तेच. निर्जंतुक करून तो माध्यमावर ठेवतात: क्षार, जीवनसत्त्वं, लिटरला ३० ग्रॅम साखर, ७-८ ग्रॅम आगर, सामू ५.८ च्या आसपास. माध्यम १२१ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटं वाफेच्या दाबाखाली ठेवलेलं असतं. सायटोकायनिन हे संप्रेरक वाढवलं की कोंब फुटतात, ऑक्सिन या दुसऱ्या संप्रेरकाकडे झुकवलं की मुळं.

नुकसान होतं ते बहुधा तीन ठिकाणी. निर्जंतुकीकरण ढिलं पडलं की साखरेवर बुरशी आधी पोचते. केळीच्या कापातून येणारी फिनॉल द्रव्यं माध्यम काळं करतात, तुकडा लवकर नव्या माध्यमात हलवावा लागतो. तिसरं, बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर क्युटिकल (मेणचट थर) पातळ असतं आणि पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. रोप थेट शेतात नेलं तर दुपारपर्यंत मान टाकतं. म्हणून आधी दमट हरितगृहात आणि मग शेडनेटखाली काही आठवडे कणखर करणं टाळता येत नाही.

वेगळं रोप निघतं ते तोच तुकडा फार वेळा फोडल्याने. पेशी विभागत राहिल्या की चुका साठतात, म्हणून जबाबदार प्रयोगशाळा सात-आठ फेऱ्यांनंतर नवा मुनवा घेतात. रोपं घेताना किती फेऱ्या झाल्या ते बेलाशक विचारावं.

२३. केस, नखं, झाडाचं बूच: हे सगळं मृत आहे. तरी ऊती?

ऊतीला पेशी जिवंत असण्याची अट नाही. एका मुळाच्या आणि एका कामाच्या असल्या की झालं (प्रश्न १). केस आणि नख ही त्वचेच्या अभिस्तराची केराटिन भरलेली मृत पेशींची रचना, जिवंत भाग फक्त मुळाशी. म्हणून केस कापताना दुखत नाही, उपटताना दुखतं. बूच म्हणजे खोडाच्या बाहेरच्या थरातल्या मृत पेशी, भित्तिकेत सुबेरिन (मेणचट द्रव्य). पाणी आणि हवा आत जाऊ नये म्हणून. श्वासासाठी मधे मधे वल्करंध्रं (सालीतली भोकं) सोडलेली असतात, आंब्याच्या किंवा शेवग्याच्या फांदीवर बोट फिरवलं तर ती खरखरीत पुटकुळ्यांसारखी लागतात. १६६५ साली रॉबर्ट हुकने पेशी म्हणून जे पाहिलं तेही हेच बूच होतं: भिंती शाबूत, आत कोणी नाही.